लगीनसराईत कीबोर्ड-माउस दोन्ही ठप्प. व्हायरस आहे का? (सांगली)

हरभटरोडकर:
मंडळी, डोकं चालेना झालंय. माझं पत्रिका-बॅनरचं छोटं डीटीपीचं दुकान आहे. काल दुपारी एका जुन्या मराठी फॉन्टसाठी नेटवरून क्रॅक (फुकटात चालवायची चोरवाट) उतरवला. त्यात लिहिलं होतं, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' केला. (शिव्या नंतर घाला.) संध्याकाळी पीसी चालू केला, डेस्कटॉप आला, आणि चारपाच सेकंदांत माउसचा बाण जागच्या जागी थिजला. कीबोर्डही मेला. शेजारच्याचा माउस आणून लावला, तीच गत. पैसे मागणारा मेसेज वगैरे काही नाही, स्क्रीन नेहमीसारखीच.

मारुती रोडवर एकाला दाखवलं, तो म्हणाला फॉरमॅटच मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. आत नऊ पत्रिका अर्धवट आहेत. बॅकअप शेवटचा घेतला तो २०१९ च्या पुरानंतर. काय करू? खात्रीचा माणूस असेल तर तेही सांगा, मिरजेपर्यंत यायची तयारी आहे.

बारकं_पेन्चिस:
उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली गेली असेल. फिल्टर कीज चालू होतात आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो. आमच्या ऑफिसात यावरून नवा कीबोर्ड घेतला होता.

कृष्णाकाठ:
@बारकं, त्यानं माउस कसा अडकेल? इथं दोन्ही गेलेत.

हरभटरोडकर दादा, दोन गोष्टी बघून सांगा. एक, पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची सेटिंग) जा. तिथं बाणाच्या कीज चालतात का? दोन, डेस्कटॉप अडकल्यावर कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबा. काय होतं?

आणि हे सगळं करायच्या आधी नेटची वायर उपटा. आत्ता.

हरभटरोडकर:
वायर काढली. बायोसमध्ये कीज चालतात. कंट्रोल-आल्ट-डिलीटला निळी स्क्रीन आली आणि गंमत म्हणजे तिथं माउस झकास फिरतोय! कॅन्सल करून डेस्कटॉपवर आलो की दोन सेकंदांत परत गार.

कृष्णाकाठ:
मग हार्डवेअर ठीक आहे, चोर विंडोजच्या आत आहे. विंडोजमध्ये 'ब्लॉकइनपुट' नावाचं फंक्शन असतं. अ‍ॅडमिनचे हक्क मिळालेला प्रोग्राम ते वापरून कीबोर्ड-माउस बंद करू शकतो. पण कंट्रोल-आल्ट-डिलीट थेट विंडोज स्वतःकडे घेतं, मधल्या प्रोग्रामला ते अडवता येत नाही, आणि ते दाबलं की ही अडवणूक सुटते. तुमच्याकडे परत दोन सेकंदांत गार होतंय, म्हणजे तो प्रोग्राम पुन्हापुन्हा कुलूप घालतोय. क्रॅकला तुम्हीच 'येस' म्हणून अ‍ॅडमिनचे हक्क दिले असणार.

वायर का काढायला लावली ते सांगतो. हे कुलूप फक्त तुमच्या हाताला असतं. लांबून कुणी तुमच्या पीसीत शिरला असेल, तर त्याचा माउस चालू राहतो. बँकेची खाती साफ करणारे नेमकं हेच करतात, की मालकाला मध्ये हात घालता येऊ नये.

आता त्याच निळ्या स्क्रीनवर खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह आहे. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्ट म्हणा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट. यादी आली की ४ दाबा. हा सेफ मोड, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं उघडतं. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर तिथं चालणार नाही, वायरवाला लावा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल.

मिरजेची_सून:
दादा, सेफ मोडमध्ये माउस चालला तरी लगेच साफसफाईला लागू नका. आधी कोरलच्या (पत्रिकेच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फाइल नि फोटो कोऱ्या हार्ड डिस्कवर काढा. फक्त कामाच्या फाइल, सेटअप नि क्रॅकचं फोल्डर नको. आमच्या ह्यांनी आधी 'क्लीन' केलं नि मग बॅकअप शोधत बसले.

तुमची ऑनलाइन बँक त्याच पीसीवर आहे का?

हरभटरोडकर:
हो ताई, पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह आहेत.

कृष्णाकाठ:
मग मोबाईलवरून, दुकानाचं वायफाय बंद करून, आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदला. सेव्ह केलेले पासवर्ड उचलणं हे असल्या मालाचं नेहमीचं काम आहे. स्टेटमेंट बघा. एक रुपया जरी अनोळखी गेला असेल तर तडक १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

भडंग_स्पेशल:
फॉरमॅट सांगणारा पूर्ण चुकला नाही हां. एकदा अ‍ॅडमिन हक्क दिले की आत अजून काय काय ठेवलंय त्याचा भरवसा नाही. डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन सुमारे पंधरा मिनिटांचा असतो, तो मारा, पण सीझन संपला की विंडोज कोरं टाकाच. माणूस कुठलाही निवडा, फक्त 'आधी डेटा काढून माझ्यासमोर उघडून दाखव' म्हणा. जो कां कूं करेल त्याच्याकडे सीपीयू ठेवू नका.

हरभटरोडकर:
सेफ मोडला माउस चालला!! नऊच्या नऊ पत्रिका हार्ड डिस्कवर आल्या, भावाच्या लॅपटॉपवर उघडून बघितल्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये कालच्याच तारखेची एक फाइल होती, नाव असं की ओठात मावेना. ती बंद केली, स्कॅन लावलाय. बँकेत सगळं जागच्या जागी आहे, पासवर्ड बदलले.

गिऱ्हाईक बाहेर बाकावर बसलंय. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'च्या खाली दोन नातवंडांची नावं राहिलीत म्हणतंय. लॅपटॉपवर कोरल नाही. विश्रामबागेत कुणाचा पीसी तासभर मिळेल का?

मिरजेची_सून:
व्यनि (खासगी निरोप) केलाय. येताना फॉन्ट विकतचा आणा.