मदत हवी आहे : चाक उलटं केलं तरी खुर्ची फिरेना, गुरुवारी प्रदर्शन आहे

कंधारचा_मास्तर (सोमवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी. गुरुवारी तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे आणि आमचा प्रयोग चालेना झालाय. आठवीतलं लेकरू फिरत्या खुर्चीवर बसवलंय, हातात सायकलचं चाक दिलंय. चाकाला गती दिली, चाक उलटं केलं, की खुर्ची फिरायला पाहिजे. फिरत नाही. जराशी हलते अन् थांबते. व्हिडिओत सगळ्यांची फिरते, आमचीच कामून नाही? चाक जोरातच फिरवतोय, ते सांगू नका. कोनीय संवेग अक्षय्यतेचा नियम (बाहेरून पीळ बसला नाही तर फिरण्याचा एकूण संवेग तेवढाच राहतो) मला येतो, थिअरी नको. काय बदलायचं तेवढं सांगा. लवकर.

वेल्डर_अहमदपूर (९:२०)
खुर्ची कोणती?

पाथरीकर (९:२१)
चाक पुढचं का मागचं? फोटो टाका सर, असं अंदाजाने काय सांगणार.

कंधारचा_मास्तर (९:३४)
खुर्ची ऑफिसात असते तीच, फिरणारी. चाक सायकलचं. शाळेत नेट चालत नाही, फोटो उद्या.

वेल्डर_अहमदपूर (९:४०)
मग तिथंच घोळ आहे. ऑफिसच्या खुर्चीत खाली एक बारकी बेअरिंग असते, ती झिजलेली असणार. वर माणूस बसला की दांडा घासतो. माझं ऐका, ट्रॉलीचा जुना हब (चाकाच्या मधला बेअरिंगवर फिरणारा भाग) घ्या. आमच्या लाईनीत कुठल्याही वर्कशॉपात भंगारात पडलेला असतो. खाली तीन पाय वेल्ड करा, वर बोल्टनं प्लायवूड बसवा. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही : आतलं ग्रीस पूर्ण काढायचं. रॉकेलनं धुवायचं अन् मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडायचे. ग्रीस ट्रॉलीच्या वजनासाठी असतं, पोराच्या वजनाला ते चिकटासारखं धरतं, त्यात आता थंडी. बोटानं ढकललं की फिरत राहिलं पाहिजे, तेव्हा हब तयार झाला म्हणायचं.

नीट_२०२६_लातूर (९:४४)
सर सोपं आहे. L = Iω, म्हणजे संवेग = मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) गुणिले फिरण्याचा वेग. I अर्धा झाला तर ω दुप्पट. गतिज ऊर्जा L²/2I असते म्हणून तीसुद्धा दुप्पट. पर्याय ब.

पाथरीकर (९:४६)
पर्याय ब कशाचा? त्यांनी प्रश्न काय विचारला, तू उत्तर कशाचं देतोस?

नीट_२०२६_लातूर (९:५१)
डंबेल हातात घेऊन हात आत घेण्याचा प्रश्न दर टेस्टला असतो. जास्तीची ऊर्जा कुठून आली असं विचारतात. हात आत ओढताना स्नायूंनी केलेल्या कार्यातून. बाहेरून टॉर्क (फिरवणारा जोर) नाही म्हणून संवेग तोच राहतो, ऊर्जा तीच राहते असं नाही. इथं निम्मी पोरं फसतात. अकरावीच्या पुस्तकात आहे.

मोंढ्यावरचा (९:५५)
बारावीत आहे. आमच्या बोर्डाचा बारावी फिजिक्सचा पहिलाच धडा.

नीट_२०२६_लातूर (९:५६)
एनसीईआरटीत अकरावीत आहे. बोर्डाचं कोण वाचतंय.

मोंढ्यावरचा (९:५७)
म्हणूनच तुमची ही गत.

कंधारचा_मास्तर (१०:०५)
अहो धागा माझा आहे. नीटवाल्या बाळा, तू झोप. वेल्डरभाऊ, हब गुरुवारपर्यंत होणार का माझ्याच्यानं? दुसरं काही?

एमएस्सी_परभणी (१०:३०)
सर, बेअरिंगच्या आधी चाकाचं वजन बघा. कागदावर करून पाहिलं. टायर-ट्यूबसकट चाक दोन किलो धरलं, वजन बहुतेक कडेला, त्रिज्या ३० सेंटिमीटर, तर मोमेंट ऑफ इनर्शिया साधारण ०.१८. सेकंदाला तीन फेरे म्हणजे १९ रेडियन. संवेग झाला साडेतीनच्या आत, ३.४. मुलगा, सीट आणि लांब धरलेलं चाक मिळून मोमेंट ऑफ इनर्शिया २ धरू. म्हणजे खुर्ची फिरली तरी पावणेचार सेकंदाला एक फेरा, तोही घर्षण अजिबात नसेल तर. म्हणून रिमवर बांधकामाची बारीक तार घट्ट गुंडाळा, साधारण किलोभर. कडेला वाढवलेलं वजन सगळ्यात जास्त कामाला येतं. संवेग पाचच्या वर जाईल. त्याहून जड करू नका, आठवीतल्या मुलाचं मनगट मुरगळेल. आणि तार सगळीकडे सारखी बसू द्या, एका बाजूला जास्त झाली तर चाक थडथडतं.

वेल्डर_अहमदपूर (१०:३८)
ताई, बेअरिंगच खराब असेल तर तार गुंडाळून काय उपयोग? उगं लेकराच्या हातात ओझं.

एमएस्सी_परभणी (१०:४९)
आणि चाकच हलकं असेल तर हब धुऊन काय उपयोग? मी घर्षण नाही म्हणत नाही. जुन्या खुर्चीचा घर्षणाचा टॉर्क एक न्यूटन-मीटर धरला तर ३.४ चा संवेग साडेतीन सेकंदात संपतो. सर, मुलगा चाक हळू वळवतो का? टॉर्क म्हणजे संवेगातला बदल भागिले लागलेला वेळ. तीन सेकंद लावून सावकाश वळवलं तर खुर्चीला जेमतेम एक न्यूटन-मीटर मिळतो, घर्षणाला पुरून उरत नाही. खुर्ची जागची हलणार नाही. तेच अर्ध्या सेकंदात केलं की सहापट जोर मिळतो.

कंधारचा_मास्तर (१०:५५)
भराभरच वळवतो.

पाथरीकर (१०:५८)
पाय जमिनीला टेकतात का त्याचे?

कंधारचा_मास्तर (११:०१)
पाय कशाला टेकवील? मांडी घालून बसवलंय.

दोरीवाला (११:१०)
खुर्ची सोडा हो. आमच्याकडे झालंय हे सगळं. ॲक्सलच्या एका टोकाला सुतळी बांधा, आढ्याला टांगा, चाक उभं धरून जोरात फिरवा अन् दुसरं टोक सोडून द्या. चाक पडत नाही, हवेत आडव्या ॲक्सलवर उभंच राहतं आणि सावकाश दोरीभोवती घिरट्या घालतं. बेअरिंग नको, हब नको, काही नको. बघणारे तोंडात बोट घालतात.

एमएस्सी_परभणी (११:१४)
प्रयोग सुंदर आहे, पण तो अक्षय्यतेचा नाही. तिथं गुरुत्वाचा टॉर्क सतत लागू असतो आणि संवेगाची दिशा बदलत राहते. सरांच्या तक्त्यावर एक लिहिलेलं आणि टेबलावर दुसरंच, असं होईल.

दोरीवाला (११:१६)
परीक्षक तक्ता वाचतात हे कोणी सांगितलं तुम्हाला?

औसेकर_आप्पा (मंगळवार, सकाळी ६:०५)
विषय निघालाच आहे तर विचारतो. मोठ्या भूकंपानं पृथ्वीची गती बदलते, दिवस लहान होतो असं वाचलं होतं. मग १९९३ ला आमच्या किल्लारीच्या भूकंपानं दिवस बदलला असेल का?

मोंढ्यावरचा (६:४०)
आप्पा, सकाळी सकाळी.

एमएस्सी_परभणी (७:१५)
आप्पा, तत्त्व तेच आहे. वस्तुमान आसाच्या जवळ सरकलं की फिरणं किंचित वाढतं. २०११ च्या जपानच्या भूकंपानं दिवस सुमारे १.८ मायक्रोसेकंदानं लहान झाला असं नासातल्या शास्त्रज्ञांनी गणितानं काढलं होतं, घड्याळात मोजलेलं नव्हे. तो ९ च्या वरचा धरला तरी किल्लारीचा ६.२ चा. ९ आणि ६.२ मध्ये ऊर्जेचा फरक जवळपास सोळा हजार पट पडतो. हानी भयंकर झाली ती केंद्र उथळ होतं, पहाटेची वेळ होती आणि घरं दगडमातीची होती म्हणून. पृथ्वीच्या फिरण्याला तो जाणवलाही नसेल. त्यापेक्षा वाऱ्याचा परिणाम जास्त : वातावरण आणि जमीन यांच्यात संवेगाची देवाणघेवाण होते, त्यानं दिवसाची लांबी वर्षभरात मिलिसेकंदाच्या आसपास कमीजास्त होत असते.

औसेकर_आप्पा (७:२०)
धन्यवाद ताई. आमचं घर माळवदाचं होतं.

कंधारचा_मास्तर (१२:५०)
भूकंप झाला असेल तर इकडं बघा. मधल्या सुट्टीत रिमला तार गुंडाळली. चाक मस्त जड लागतंय, फिरतंयही बराच वेळ. खुर्ची तशीच. आता काय?

पाथरीकर (१३:१०)
सर, एक सांगा. "उलटं करतो" म्हणजे नेमकं काय करतो लेकरू? हात कुठून कुठं नेतो, ते नीट लिहा.

कंधारचा_मास्तर (१३:२२)
त्यात काय लिहायचं. चाक सायकलला असतं तसं उभं धरलंय, दोन्ही बाजूला ॲक्सलला पाईपच्या मुठी आहेत. डावा हात उजवीकडं नेतो, उजवा डावीकडं. झालं उलटं. चाक आधी पुढं पळत होतं, आता मागं पळतं.

पाथरीकर (१३:२५)
हे घ्या. सापडलं.

पाथरीकर (१३:४१)
लिहितो सविस्तर. मी शिक्षक नाही, सायकलचं दुकान आहे, पण चाकं आयुष्यभर हातात धरलीत. चाकाचा संवेग ॲक्सलच्या दिशेनं असतो. तुमचा ॲक्सल आधी आडवा होता, हँडल फिरवल्यासारखं वळवताना आडवा राहिला अन् शेवटी पण आडवाच. खुर्ची फिरते उभ्या दांड्याभोवती. उभ्या दिशेला संवेग आधी शून्य, नंतर पण शून्य, मग खुर्ची कशाला फिरेल? नियम तुमच्या डोळ्यासमोर बरोबर चालू आहे. जी जराशी हलते, ती लेकराच्या कमरेच्या झटक्यानं, चाक थांबलेलं असलं तरी तेवढी हलेल.

आडव्या दिशेतला बदल होतो तो खुर्चीच्या पायांतून फरशीत जातो. एक विचारा लेकराला : असं वळवताना एक हात वर उचलला जातो अन् एक खाली दाबला जातो असं वाटतं का?

कंधारचा_मास्तर (१३:५०)
हो, वाटतं म्हणतोय. म्हणून तर त्याला घट्ट धर म्हटलं होतं.

पाथरीकर (१३:५८)
तीच गंमत आहे. चाक तिरपं व्हायला बघतंय अन् तुम्ही त्याला धरून ठेवताय. तिरपंच करायचं आहे! एक मूठ वर, एक मूठ खाली. ॲक्सल उभा, चाक ताटासारखं आडवं. तेव्हा उभ्या दिशेत चाकाचे तीन-चार, तार गुंडाळली म्हणून पाच जमा झाले, मग खुर्ची-लेकरानं तेवढेच उलट्या दिशेनं घ्यायचे. चाक परत उभं केलं की खुर्ची थांबते. दुसऱ्या बाजूला कलवलं की उलटी फिरते. चाकाला गती दुसऱ्या पोरानं द्यायची, चाक उभं असताना. अन् मगच कलवायचं, आधी नाही.

एमएस्सी_परभणी (१४:१०)
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, मी आस उभा होतो हे धरूनच चालले होते. एक जोड : आधी पूर्ण एका बाजूला कलवून, तिथून थेट दुसऱ्या बाजूला नेलं तर बदल दुप्पट होतो. परीक्षकांसमोर तेच करा.

वेल्डर_अहमदपूर (१४:१५)
म्हणजे हब नको?

पाथरीकर (१४:१६)
हबनं चांगलंच होईल, पण आधी हे.

वेल्डर_अहमदपूर (१४:१८)
मी पहिल्यापासून म्हणतोय हब घ्या. कंधारला एसटीनं पार्सल टाकतो, धुऊन, तेल घालून. पैसे नको, प्रदर्शनात वर्कशॉपचं नाव लिहा.

नीट_२०२६_लातूर (१५:०२)
सर यावरचा प्रश्न पण येतो. चाक L नं फिरतंय, पूर्ण उलटं केलं, माणसाला किती मिळेल. उत्तर २L. पण त्यात चाक सुरुवातीलाच आडवं असतं.

मोंढ्यावरचा (१५:०४)
आता मात्र बरोबर बोलला.

कंधारचा_मास्तर (१७:३०)
फिरली! शाळा सुटल्यावर चार पोरं गोळा केली, सगळ्यांना बसायचंय आता. पण दोन अडचणी. एक, खुर्ची नुसती फिरत नाही, खालच्या चाकांवर सरकत जाते, आमच्या वर्गाला उतार आहे. दुसरं, परीक्षक हमखास विचारतात, याचा उपयोग काय. सोपं, एका वाक्यात सांगता येईल असं काहीतरी द्या. एक हेलिकॉप्टरचं आहे माझ्याकडं, शेपटीचा पंखा नसेल तर धड उलटं फिरेल ते. अजून एक पाहिजे.

एमएस्सी_परभणी (१७:४५)
उपग्रह. अवकाशात पाय टेकवायला जमीन नाही, म्हणून आत छोटी चाकं असतात, रिॲक्शन व्हील. चाक एका दिशेला फिरवलं की उपग्रह दुसरीकडे वळतो, तुमच्या लेकरासारखाच. नासाच्या केप्लर दुर्बिणीला अशी चार चाकं होती, नेम धरायला किमान तीन लागत. २०१२ ला एक बंद पडलं, २०१३ ला दुसरं, आणि दुर्बिणीची मूळ मोहीम थांबली. मग उरलेली दोन चाकं आणि सूर्यप्रकाशाचा दाब वापरून तिच्याकडून आणखी काही वर्षं वेगळं काम करून घेतलं. हे पोरानं सांगितलं तर परीक्षक पुढं विचारणार नाहीत.

दोरीवाला (१७:५०)
दोरीचा पण शेजारी टांगून ठेवा. वाया नाही जायचा.

वेल्डर_अहमदपूर (१८:०५)
सरकायचं सोपं. खुर्चीची पाच चाकं उपटून काढा, नुसती दाबून बसवलेली असतात, स्क्रूड्रायव्हर घालून ओढली की निघतात. खाली पोत्याचं जाड कापड टाका. हब सकाळच्या गाडीनं येतोय, नाही लागला तर पुढच्या वर्षी लावा.

पाथरीकर (१८:२०)
अन् लेकराच्या गळ्यातलं आयकार्ड काढून ठेवा सर. मफलर पण. आऱ्यात दोरी गेली तर चाक हातातून हिसकून घेतं, आता त्याला किलोभर तार पण आहे.