हजरत आयेशांनंतर हदीसच्या सनदेत बायका दिसत का नाहीत?

निळीशाई:
लेक अकरा वर्षांची आहे. रोज रात्री आम्ही दोघी सहीह बुखारी या संग्रहातली एक हदीस, म्हणजे प्रेषितांची उक्ती किंवा कृती सांगणारी नोंद, अनुवादासकट वाचतो. आमच्या प्रतीत सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, हीही पूर्ण आहे: अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून. काल तिने एकेका नावावर बोट ठेवत सनद वाचली. शेवटी प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.), अलीकडचे सगळे पुरुष. "अम्मी, आयेशांनंतर बायकांनी ऐकायचं सोडून दिलं का?" मला उत्तर देता आलं नाही. मी जिथे शिकले तिथे हा विषय कधी निघालाच नाही. नंतर हदीस शिकवणाऱ्या स्त्रिया होत्या का? आणि पुरुष त्यांच्यापुढे शिकायला बसायचे का?

मुसाफिर:
पहिल्या एकदोन पिढ्यांत होत्या. अमरा बिन्त अब्दुर्रहमान हे नाव शोधा. आयेशांच्या देखरेखीखाली वाढलेली, बुखारीतच सापडेल. पुढच्या काळातलं मला कुणाचं नाव सांगता येणार नाही.

जुनीपाने:
निळीशाई, लेकीची नजर पक्की आहे. अमरानंतरच्या दीडदोन शतकांत स्त्रियांची नावं खरंच विरळ होतात. तेव्हा हदीस गोळा करायची म्हणजे गावोगाव भटकायचं, एका हदीससाठी महिन्याचा प्रवास करायचा. बाईला ते कितीसं जमणार? पण बुखारी (निधन ८७०), मुस्लिम (निधन ८७५) यांचे ग्रंथ सिद्ध झाले आणि कामाचं स्वरूपच पालटलं. आता ग्रंथ जसाच्या तसा पुढे पोचवायचा होता. ते एका जागी बसून होतं, आणि तिथे बायका परत आल्या. चांगल्या दमाने आल्या.

मक्केतली करीमा मर्वजिया घ्या. १०७० च्या सुमारास वारली. तिच्यात आणि बुखारींमध्ये फक्त दोन माणसं, कुश्मीहनी आणि फिरबरी. म्हणजे दोनशे वर्षांत मधली नावं दोनच! बगदादचे हदीसविद्वान खतीब हजला आले तेव्हा त्यांनी अख्खी सहीह पाच दिवसांत तिच्यापुढे वाचली. नर्सी नावाच्या विद्यार्थ्याने सांगून ठेवलेली आठवण मला फार प्रिय आहे. करीमाने आपली प्रत बाहेर काढली, तो समोर बसला आणि सात पानं उतरवून घेतली. ताडून एकटाच पाहीन म्हणाला. ती म्हणाली, नाही, माझ्यासोबत ताडायचं. आणि त्याने तिच्यासोबतच ताडलं.

मी बरीच वर्षं हस्तलिखितांच्या सूची करते. दमास्कसच्या जुन्या प्रतींच्या शेवटी श्रवणाची नोंद असते: कोणी वाचलं, कोणापुढे वाचलं, कोण हजर होतं, कोणाचा कुठला भाग चुकला, कोणाला डुलकी लागली. मुलांची वयंही लिहिलेली असतात. पाचाच्या आतलं मूल नुसतं "हजर", पाचच्या पुढचं असेल तर "ऐकलं". अशी पहिली नोंद वाचली त्या दिवशी मी दुसरं काही काम केलंच नाही.

त्याच दमास्कसमध्ये आयेशा बिन्त मुहम्मद (१३२३ ते १४१३) ही मुलगी चौथ्या वर्षी बुखारी ऐकवणाऱ्या वयोवृद्ध हज्जारांच्या बैठकीत बसवली गेली. हज्जारांनी बुखारी ऐकली होती १२३३ मध्ये. पुढे तिचं वय नव्वदीला टेकलं तेव्हा हज्जारांकडून ऐकलेलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. बुखारींवरचं सर्वांत नावाजलेलं भाष्य लिहिणारे इब्न हजर तिच्यापुढे शिष्य म्हणून बसले. तिच्यापासून मागे जा: हज्जार, जबीदी, अबुल वक्त, दाऊदी, सरख्सी, फिरबरी, आणि मग बुखारी.

मुसाफिर:
हे मला ठाऊक नव्हतं, आभारी आहे. पण चार वर्षांच्या पोरीला काय कळलं असेल? ही विद्या की नुसता मान?

जुनीपाने:
त्या बैठकीत काही कळलं नसणारच. चार वर्षांचे मुलगेही असेच बसवले जायचे, कारण साखळी जितकी आखूड तितकी मोलाची. पण इब्न हजर आले ते चार वर्षांच्या पोरीकडे नाही, सगळं आयुष्य त्या ग्रंथांत घालवलेल्या बाईकडे. एक मात्र मान्य करते: स्त्रियांना हदीसमध्ये जेवढी जागा मिळाली तेवढी फिक्हमध्ये (धर्मशास्त्रीय कायद्यात) किंवा काझीच्या गादीवर मिळाली नाही. सोळाव्या शतकापासून पुढे हदीसमधली त्यांची नावंही कमी होत गेली. आपल्या काळात अक्रम नदवींनी अशा सुमारे दहा हजार स्त्रियांची चरित्रं ४३ खंडांत अरबीत छापली. नावं गेली नव्हती, कोणी काढून दाखवत नव्हतं, एवढंच.

आणि जहबी हे रावींची, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांची, कसून छाननी करणारे विद्वान लिहून गेलेत की, हदीसमध्ये खोटेपणाचा आरोप झालेली एकही स्त्री मला माहीत नाही. हे लेकीला नक्की सांगा.

निळीशाई:
सांगितलं. आज हदीस बाजूलाच राहिली. तिने वहीत आयेशा बिन्त मुहम्मदपासून बुखारींपर्यंतची आठ नावं एकाखाली एक लिहून काढली. मग अमराचं नाव शोधायला बसली, ते सापडलं तेव्हा साडेदहा वाजले होते. आता विचारते आहे, करीमाने त्या विद्यार्थ्याची एखादी चूक पकडली का? जुनीपाने, याची काही नोंद आहे का?