'भत्ता', 'खर्चाचा दावा' की 'बिले लावणे'? – अनुवादातील एक अडचण

अर्धविराम
एका दिवाळी अंकासाठी ब्रिटनमधील २००९ सालच्या खासदार-खर्च प्रकरणावरील लेखाचा मराठी अनुवाद करीत आहे आणि पहिल्याच पानावर अडलो आहे. तेथील खासदार लंडनमध्ये किंवा मतदारसंघात ठेवलेल्या दुसऱ्या घराचा खर्च संसदेच्या कार्यालयाकडे मांडत आणि ते पैसे उचलत. २००८-०९ साली या सोयीची कमाल मर्यादा वर्षाला २४,००६ पौंड होती. एका मंत्रिणीच्या यादीत न्हाणीच्या टबाचे ८८ पेन्सचे बूच होते, तर एका खासदाराने तळ्यात तरंगणाऱ्या बदकघरासाठी १,६४५ पौंड मागितले होते.

पहिल्या खर्ड्यात मी सरसकट 'भत्ता' हा शब्द वापरला. माझी बहीण शिक्षिका आहे. तिने तो वाचून विचारले, "भत्ता तर मिळतोच, मग या लोकांनी चुकीचे काय केले?" दुसऱ्या खर्ड्यात मी 'खर्चाचा दावा' असे केले, तेव्हा तिने हा दावा कोणत्या न्यायालयात चालू आहे, असे विचारले. खर्च दाखवून पैसे मागण्याच्या या क्रियेला मराठीत नेमके काय म्हणावे?

निवृत्त लेखापाल
आपल्या भगिनींनी नेमके बोट ठेवले आहे. भत्ता हा ठरावीक असतो, त्याचा हिशेब कोणी विचारत नाही. घरभाडे भत्ता घेणारा कर्मचारी स्वतःच्या घरात राहतो की भाड्याच्या, याने सहसा फरक पडत नाही. प्रत्यक्ष झालेला खर्च पावत्यांनिशी परत मिळतो त्याला आमच्याकडे 'प्रतिपूर्ती' म्हणत, आणि वैद्यकीय प्रतिपूर्तीची देयके तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. प्रत्येक देयकाच्या पाठीशी "हा खर्च मी प्रत्यक्ष केला असून या रकमेची मागणी यापूर्वी केलेली नाही" असे प्रमाणपत्र असे. पावत्या टाचणीने लावलेल्या असत, आणि औषधाच्या पावतीवर साबण किंवा च्यवनप्राश दिसला की तेवढी ओळ लाल शाईने खोडून आम्ही बेरीज नव्याने करीत असू. एका शिपायाचे एस.टी.चे तिकीट हरवले म्हणून मी स्वतः त्याचे ४२ रुपये कापले होते. तो नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

म्हणून 'खर्चाची प्रतिपूर्ती' हाच शब्द ठेवावा.

मुळाक्षर
लेखापालसाहेबांशी पूर्ण सहमत. 'दावा' अरबी आहे, 'बिल' इंग्रजी आहे, आणि आपल्याजवळ 'देयक', 'प्रमाणक', 'प्रतिपूर्ती' असे घडीव शब्द असताना शीर्षकात 'बिले लावणे' यावे याचे वाईट वाटते.

लेस्टरवासी
मी त्या वर्षी येथे ब्रिटनमध्येच होतो, म्हणून शब्दाआधी वस्तुस्थितीबद्दल थोडे लिहितो. बदकघराचे पैसे मागितले गेले होते, पण कार्यालयाने ते नाकारले होते, त्यामुळे अनुवादात 'उचलले' असे लिहू नये. 'प्रतिपूर्ती'लाही माझी हरकत आहे, कारण प्रतिपूर्ती कार्यालय करते आणि लोकांचा राग मागणाऱ्यावर होता. त्यातही २५० पौंडांपेक्षा कमी रकमेला बरीच वर्षे पावतीच लागत नसे. ही मर्यादा २००८ साली २५ पौंडांवर आली. लेखापालसाहेबांच्या टेबलावरून यांतील निम्मे कागदही पुढे सरकले नसते.

दुसरे असे की मे २००९ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने या याद्या रोज थोड्या थोड्या छापायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेक खासदारांचे उत्तर एकच होते, की सर्व काही नियमात बसणारे होते. लोकांना चीड आली ती याच वाक्याची. मराठीत या ठिकाणी एक फार सोयीचा भेद आहे, 'नियमात बसणे' आणि 'नियमात बसवणे'. पहिल्यात खर्च आपणहून बसतो आणि दुसऱ्यात कोणीतरी त्याला दाबून बसवतो. इंग्रजीत हा फरक समजावायला अख्खे वाक्य लागते, मराठीत एका 'व'ने काम होते. अर्धविराम यांनी तो हातचा सोडू नये.

अर्धविराम
'बसवणे' उचलले, आभारी आहे. पण याच लेखात आणखी एक क्रियापद आहे. एकाच खासदाराची दोन घरे असत. कागदोपत्री आज हे 'दुसरे' तर उद्या ते 'दुसरे' असे नोंदवून दोन्ही घरांची डागडुजी सरकारी पैशाने करून घ्यायची, आणि घर विकताना भांडवली नफ्यावरील करही वाचवायचा. या अदलाबदलीला शब्द सुचत नाही. आणि 'दुसरे घर' या शब्दाचीच भीती वाटते. आमच्या गावाकडे "त्यांचे दुसरे घर आहे" हे वाक्य आवाज खाली आणून बोलतात, आणि ते वास्तूविषयी नसते.

मुळाक्षर
'निवासपरिवर्तन'.

नगरचा पाहुणा
निवासपरिवर्तन म्हटल्यावर कोणी तरी हवापालटाला निघाले आहे असे वाटते. आमच्याकडे याला सरळ 'पाटी फिरवणे' म्हणतील. घर तेच आणि माणूस तोच, दारावरची पाटी तेवढी फिरते.

'भत्ता' या शब्दावर मात्र मला बोलायचे आहे. आमच्या नगर जिल्ह्यात भत्ता म्हणजे चुरमुरे, शेव, दाणे, फुटाणे यांचे कोरडे मिश्रण, जे कागदाच्या पुडीत मिळते. लहानपणी आजोबा बाजाराहून आले की आम्ही "भत्ता आणला का?" असे विचारत असू. पुढे नोकरीत लागल्यावर वरिष्ठांनी "तुमचा भत्ता आला आहे" असे सांगितले, तेव्हा क्षणभर मी टेबलावर पुडी शोधली. हे दोन्ही शब्द एकच असावेत, अशी माझी समजूत आहे. संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजवलेले अन्न, त्यावरून 'भत्त', 'भात' आणि 'भत्ता'. नोकराला बाहेरगावी पाठवताना द्यायची शिदोरी, तोच भत्ता.

मांडवीकाठ
व्युत्पत्ती गोड आहे, पण एवढी सरळ नसावी. कंपनी सरकारच्या काळात इंग्रज अधिकारी याच शब्दाला 'बट्टा' म्हणत. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशात 'बट्टा'च्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत, एक सैन्याला मिळणाऱ्या जादा रकमेची आणि दुसरी नाण्यांच्या विनिमयातील फरकाची. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो दुसरा. तेव्हा भत्त्यात बट्ट्याची भेसळ झालीच नसेल, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये.

शुद्धतेविषयी एवढेच सांगतो की आमच्या गोव्याच्या बाजूने महाराष्ट्राला मिळालेला 'पगार' हा शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणे. तो शब्द काढला तर मुळाक्षर यांना महिन्याच्या एक तारखेला काय मिळते, ते सांगावे.

मुळाक्षर
वेतन मिळते. सेवापुस्तिकेतही तसेच लिहिलेले आहे.

मांडवीकाठ
सेवापुस्तिकेत लिहिलेले असेल, पण घरी आपण "वेतन झाले" असे सांगत असाल, यावर विश्वास बसत नाही.

लेस्टरवासी
बट्ट्याचा विषय निघालाच आहे तर लक्षात घ्यावे की १७६६ साली बंगालचा गव्हर्नर क्लाइव्ह याने दुहेरी बट्टा बंद केला, तेव्हा बंगालच्या सैन्यातील इंग्रज अधिकाऱ्यांनी घाऊक राजीनामे दिले होते, आणि १८२८ साली गव्हर्नर-जनरल बेंटिंकने काही ठिकाणचा बट्टा अर्ध्यावर आणला तेव्हाही मोठा आरडाओरडा झाला होता. मूळ पगाराला हात लावला नाही तरी वरकड बंद झाली की माणूस जास्त भडकतो.

आणि याच्या उलटही घडते. ब्रिटनमधील खासदारांना १९११ पर्यंत काहीच मिळत नसे. दादाभाई नौरोजी १८९२ साली फिन्सबरीतून निवडून आले ते बिनपगारी खासदार म्हणूनच. १९११ मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी वर्षाला ४०० पौंड सुरू केले, तेव्हा त्यांनी सभागृहात आवर्जून सांगितले की हा मोबदला नाही, भरपाई नाही, पगारसुद्धा नाही, हा केवळ भत्ता आहे. शब्दाची निवड मुद्दाम केली होती, कारण पगार म्हटले असते तर लोकसेवेचा धंदा झाला, अशी ओरड झाली असती. शतकभराने तेथील लोक भत्त्यावरच चिडले. मधल्या काळात पगारवाढीची मागणी आली की मतदार काय म्हणतील या धास्तीने सरकारे ती आखडती घेत आणि भत्त्यांची दोरी सैल सोडत, असे येथे सर्रास सांगितले जाते. म्हणजे 'भत्ता' हा शब्द त्या लेखात चूक नाही. उलट तो चुकीचा वाटावा, यातच कथा आहे.

तळटीप
वकिली व्यवसायात असल्याने एक भर घालतो. आपल्याकडे या शब्दांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत. १९८४ सालच्या नायक विरुद्ध अंतुले या निकालात आमदार हा दंडसंहितेच्या कलम २१ च्या अर्थाने लोकसेवक ठरतो का, असा प्रश्न होता. घटनेच्या अनुच्छेद १९५ मध्येच आमदारांचे 'वेतन व भत्ते' असा उल्लेख आहे, म्हणजे वेतन मिळते हे निर्विवाद. पण न्यायालयाने म्हटले की हे वेतन कार्यकारी मंडळ या अर्थाच्या 'सरकार'चे नव्हे, म्हणून आमदार 'सरकारच्या वेतनावर' नाही आणि त्या कलमाखाली लोकसेवकही नाही. पुढे १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला आणि १९९८ च्या निकालाने त्या कायद्यापुरते खासदार लोकसेवक ठरले. आयकराच्या विवरणपत्रातही खासदारांची ही रक्कम 'पगार' या शीर्षकाखाली जात नाही, 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' म्हणून जाते, कारण त्यांचा मालक कोणी नाही.

नगरचा पाहुणा
मालक नाही कसा? आपण आहोत की.

तळटीप
ते निवडणुकीच्या भाषणापुरते ठीक आहे.

निवृत्त लेखापाल
तळटीप यांनी 'वेतन' म्हटले म्हणून आठवले. ऑगस्ट २०१६ मध्ये आमच्या विधिमंडळाने आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना संमत केले, तेव्हा माझ्या ओळखीचे एक कार्यकर्ते "अहो, पगार नव्हे, ते मानधन आहे" असे मला परोपरीने समजावत होते. मानधन म्हणजे मानाने द्यायचे, कामाचे मोल म्हणून नव्हे. आमच्या कार्यालयात बाहेरच्या परीक्षकाला किंवा व्याख्यात्याला मानधन देत असू. दरमहा मिळणाऱ्या आणि पुढे निवृत्तिवेतनही मागे ठेवणाऱ्या रकमेला मानधन कसे म्हणावे, हे मला आजतागायत कळलेले नाही. मार्च २०२५ मध्ये खासदारांची दरमहा रक्कम १ लाखावरून १ लाख २४ हजार झाली, तीही १ एप्रिल २०२३ पासून मागील प्रभावाने. मागील प्रभावाने थकबाकी मिळते ती वेतनाची. मानधनाची थकबाकी काढल्याचे माझ्या हाताखालून गेलेले नाही.

मुळाक्षर
तरीही 'मानधन' हा शब्द निर्दोष आहे. त्याचा गैरवापर झाला म्हणून शब्दाला दोष देऊ नये.

नगरचा पाहुणा
मुळाक्षर, माझी वहिनी अंगणवाडी सेविका आहे. तिला महिन्याला मिळते त्याला सरकार मानधनच म्हणते, आणि ते का म्हणते हे तिला चांगले ठाऊक आहे. वेतन म्हटले की किमान वेतन आले, भविष्य निर्वाह निधी आला, महागाई भत्ता आला. डिसेंबर २०२३ पासून त्या बायका संपावर बसल्या होत्या, तेव्हा ती घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "आमचा मान तुम्हीच ठेवा, आम्हाला धन द्या." आपण ज्याला निर्दोष म्हणता त्या शब्दाचे तिने उभ्या उभ्या दोन तुकडे केले.

तळटीप
वहिनींना सांगावे की २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा लागू होतो असे ठरवताना त्यांचे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असे म्हटले आहे. म्हणजे जो वेतन घेतो तो त्याला मानधन म्हणतो, आणि जिला मानधन मिळते तिला ते वेतन आहे हे न्यायालयातून ठरवून घ्यावे लागते.

मुळाक्षर
वहिनींविषयी मला आदर आहे. पण हा प्रश्न धोरणाचा आहे, कोशाचा नाही.

नगरचा पाहुणा
कोशात धोरण शिरले आहे, हेच तर मी सांगतो आहे.

अर्धविराम
सर्वांचे आभार, पण मसुदा सोमवारी द्यायचा आहे आणि मूळ क्रियापद अजून मोकळेच आहे. 'प्रतिपूर्ती' कार्यालयाच्या बाजूची, 'दावा' न्यायालयाचा, 'परतफेड' वापरावी तर पुढे मोठाच घोटाळा होतो, कारण या खर्चांची छाननी करण्यासाठी नेमलेल्या सर थॉमस लेग यांच्या तपासणीनंतर खासदारांना ११ लाखांहून अधिक पौंड परत करण्यास सांगण्यात आले. आधी संसदेने खासदारांना परतफेड केली आणि मग खासदारांनी संसदेला परतफेड केली, असे वाचून कोणाला काय समजणार? तूर्त मी 'खर्च लावणे' असे केले आहे. "त्यांनी बुचाचा खर्चही सरकारला लावला" हे वाक्य बहिणीला वाचून दाखवले तेव्हा तिने काही विचारले नाही, नुसती हसली.

निवृत्त लेखापाल
'लावणे' चालेल. आमच्याकडेही "बिल लावले" असेच म्हणत, प्रतिपूर्ती फक्त कागदावर लिहीत. हे आधीच कबूल करायला हवे होते.

मुळाक्षर
'खर्च घालणे' हे अधिक जुने आहे. 'खर्ची घालणे'शी त्याचा संबंध तपासावा.

मांडवीकाठ
'खर्ची घालणे' म्हणजे वापरून संपवणे, त्याचा येथे काय संबंध? आणि 'खर्च' फारसी आहे, ते मुळाक्षर यांच्या लक्षात आले नसावे.

मुळाक्षर
'व्यय' लिहिले असते तर आपणच हसला असता.

नगरचा पाहुणा
बट्ट्याच्या भेसळीचे मी आज आमच्या भत्तेवाल्याला विचारले. तो म्हणाला की भत्ता म्हणजे भत्ता, त्यात भेसळ नसते, शेव थोडी कमी-जास्त होते. पुडीचा भाव मात्र त्याने पाच रुपयांनी वाढवला आहे, आणि तोही आमच्याशी चर्चा न करता.