बायोटेकचं पहिलं सत्र: आधी बफर की आधी डीएनए?

तिसरा_बाक

आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्ष बी.एस्सी. बायोटेकचा पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम नव्याने बांधायचं काम चालू आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पहिल्या वर्षी मुख्य विषयाचे तास आटले, ती जागा इतर पेपरांनी घेतली. त्यामुळे जीवरसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाची ओळख, दोन्ही एकाच सत्रात नीट होत नाही. कुणाला तरी आधी बसवावं लागणार. विभागात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

माझं मत: पहिलं सत्र पूर्ण जीवरसायनाला द्या. पाणी, पीएच (आम्लता मोजायचा आकडा), बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण), अमिनो ॲसिड, प्रथिनांची घडण, एन्झाइम. क्लोनिंग, क्रिस्पर (जीन नेमकं कापून बदलायचं तंत्र), जीएम पिकं दुसऱ्या वर्षी.

येणारी बहुतेक मुलं पीसीबीवाली (भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतलेली) असतात, गणिताला दहावीनंतर रामराम केलेला. नीटच्या तयारीमुळे पाठांतर मात्र जबरदस्त. क्रेब्स चक्रातले रेणू ओळीने म्हणून दाखवतील. पण ‘२५ अंशांना ८ पीएचचा ट्रिस बफर बनवून फ्रिजमध्ये ठेवला, आता पीएच किती?’ असं विचारलं की वर्ग माना खाली घालतो. ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू हायड्रोजन आयन सोडून बसतात तो आकडा) तापमान चढलं की उतरतो, अंशामागे साधारण ०.०२८. म्हणजे ४ अंशांना तोच बफर ८.६ च्या आसपास जातो. पीसीआरचा (डीएनएच्या प्रती काढायच्या तंत्राचा) बफर टेबलावर ८.३ असतो तो ७२ अंशांना सातपर्यंत उतरतो. हे ज्याला माहीत नाही तो पीसीआर ‘करतो’, त्याला पीसीआर येत नाही.

दुसरं उदाहरण इन्सुलिनचं. १९७८ साली जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं, १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. सगळ्या पाठ्यपुस्तकांत ही जैवतंत्रज्ञानाची विजयगाथा म्हणून येते. पण ते जमलं कसं? इन्सुलिनची साखळी बीटा-गॅलॅक्टोसायडेज या मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडली, मधे मेथिओनीन हे एक अमिनो ॲसिड ठेवलं आणि सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाने तिथेच कापलं. सायनोजेन ब्रोमाइड मेथिओनीनपाशी कापतं आणि इन्सुलिनच्या ५१ अमिनो ॲसिडांत मेथिओनीन एकही नाही, म्हणून साखळी सहीसलामत सुटली. हे कळलं होतं कारण फ्रेडरिक सँगर या जीवरसायनशास्त्रज्ञाने इन्सुलिनमधल्या अमिनो ॲसिडांचा क्रम आधीच लावून ठेवला होता. त्याचं नोबेल १९५८ चं. या गोष्टीत रसायनशास्त्र किती आणि जीन किती, मोजा.

विरोधी मतं हवी आहेत. नुसतं +१ नको.

ऊतीसंवर्धिका

घ्या विरोध.

मी केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये काम करते, खानदेशात. दर हंगामात नवीन बी.एस्सी. झालेली पोरं-पोरी हाताखाली येतात. त्यांना बफरचं सूत्र पाठ असतं हो सर! सूत्र येऊन अडतं कुठे, तर समोरच्या बाटलीशी त्याचा काही संबंध आहे हेच कुणी दाखवलेलं नसतं.

तुमच्या क्रमाने पहिले चार महिने फळ्यावर पीएच आणि पीकेए चालेल. ज्यांना मेडिकल मिळालं नाही म्हणून इथे आलेत ती मुलं आधीच खट्टू. त्यांना आणखी एक अकरावीचा केमिस्ट्रीचा क्लास वाटेल. निम्मी मनाने बाहेर पडतील आणि उरलेली दुसऱ्या वर्षी क्लोनिंगही त्याच पद्धतीने पाठ करतील.

मी असते तर पहिल्या दिवशी कांदा. चेचा, मीठ आणि भांडी घासायचा द्रव घाला, गाळा, वरून थंडगार अल्कोहोल सोडा. पांढरे धागे वर येतात. आता विचारा: मीठ का? मग फॉस्फेटचा ऋण प्रभार आपोआप शिकवावा लागतो, सोडियम तो झाकतो म्हणून रेणू एकमेकांजवळ येतात. अल्कोहोल का? मग पाण्याची ध्रुवीयता आली. साबण का? पेशीपटलातले लिपिड आले. तुमचं अख्खं पहिलं प्रकरण त्या एका पेल्यात आहे, फक्त प्रश्न आधी आणि उत्तर नंतर.

इतिहासही असाच घडला. एदुआर्ट बुखनर १८९७ साली यीस्टचा रस औषधासाठी काढत होता. नासू नये म्हणून साखर घातली आणि बुडबुडे यायला लागले. जिवंत पेशीशिवाय किण्वन! एन्झाइमचं शास्त्र तिथून मार्गी लागलं, १९०७ चं नोबेल त्याला मिळालं. आधी हंडी, मग सूत्र.

तिसरा_बाक

ताई, कांद्याच्या त्या पेल्यात जे तरंगतं त्यात पेक्टिन आणि प्रथिनं भरपूर असतात. मुलं फोटो काढून ‘मी डीएनए पाहिला’ म्हणून स्टेटस टाकतात. पहिल्याच दिवशी चुकीची खात्री देऊन टाकायची?

बुखनरबद्दल म्हणाल तर तो रसायनशास्त्राचाच माणूस होता. बुडबुडे दिसल्यावर काय दिसतंय ते कळलं ते त्यामुळे. त्याच्या जागी तुमची खट्टू पोरं असती तर ‘सर, सॅम्पल नासलं’ म्हणून बेसिनमध्ये ओतलं असतं.

ऊतीसंवर्धिका

पेक्टिन असतं हे मला ठाऊक आहे. तोच दुसरा तास! स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजायच्या यंत्रावर) २६० नॅनोमीटरला डीएनए आणि २८० ला प्रथिनं मोजा, गुणोत्तर शुद्ध डीएनएसारखं १.८ च्या जवळ येतं का पाहा. येणार नाही. का येत नाही? बसा आता प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन शिकत. खोटी खात्री मोडण्यात जे शिकायला मिळतं ते फळ्यावर मिळत नाही.

ओतून देण्याबद्दलचा टोमणा पोचला. :)

घाटमाथा७

दोघांचंही चुकतंय असं माझं मत. ही पदवीच बारावीनंतर नको.

१९८६ साली केंद्रात जैवतंत्रज्ञान विभाग निघाला तेव्हा मनुष्यबळ घडवायचा भर एम.एस्सी.वर होता, आणि ते शहाणपणाचं होतं. रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र यांपैकी एकात पाय रोवलेला विद्यार्थी घ्यायचा आणि वर तंत्र शिकवायचं. मग विनाअनुदानित बी.एस्सी. बायोटेकचं पीक आलं. सगळ्यातलं थोडंथोडं, कशातच नीट नाही, फी मात्र चांगली. आजही आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेतून एम.एस्सी. बायोटेकला जाता येतं, त्यासाठी पदवीत बायोटेकच असावं असं नाही.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाची १९३३ ची पदवी रसायनशास्त्राची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी नाकारलं, मग अटी घालून प्रवेश दिला. तिथे दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम, पुढे केंब्रिजला वनस्पतींतलं सायटोक्रोम सी (पेशीच्या श्वसनातलं प्रथिन), १९३९ ला पीएच.डी. पाया रसायनाचा, मग जीवरसायन. या क्रमाने जाणारा माणूस कुठेही अडत नाही.

ऊतीसंवर्धिका

कमलाबाई माझ्या बाजूच्या आहेत, तुम्ही पळवू नका! परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काय केलं? नीरा. डाळी. गरिबाच्या ताटात काय पडतं आणि त्यातून त्याला काय मिळतं, हा प्रश्न आधी होता. सायटोक्रोम येणाऱ्या बाईने नीरेला हात घातला तो प्रश्न समोर होता म्हणून.

बॅचनंबर

लशीच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, पुणे परिसर. गाव आणि कंपनी विचारू नये.

तुम्ही मंडळी फार उंचावर भांडताय. मुलाखतीला येणाऱ्या उमेदवाराला मी तीन गोष्टी करायला लावतो. पीएच मीटर कॅलिब्रेट कर. ०.५ मोलर ईडीटीएचं (धातूचे आयन पकडून ठेवणाऱ्या रसायनाचं) द्रावण बनव. केलंस ते वहीत लिही. मीटरला बरेच जण एकाच बफरने कॅलिब्रेट करून मोकळे होतात. ईडीटीए तर हमखास बळी घेतं: पावडर पाण्यात टाकून ढवळत बसतात, विरघळत नाही म्हणून गरम करतात, आणखी पाणी ओततात. सोडियम हायड्रॉक्साइड घालून पीएच आठच्या आसपास नेल्याशिवाय ते विरघळत नाही हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण हाताला माहीत नसतं. वही तर विचारूच नका. खाडाखोड, व्हाइटनर, तारीख नाही.

क्रिस्परवर मात्र दहा मिनिटं बोलतात.

त्यामुळे माझं मत अर्धं बाक सरांच्या बाजूला: बफर आधी. पण फळ्यावर नको, बाटलीत. आणि घाटमाथा साहेब, तुमचं रसायनवालं पोरगं एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या यंत्रावर) छान बसतं, पण लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या हवेच्या झोतात) निर्जंतुक काम सांगितलं की दोन वेळा प्लेट दूषित करतं. बायोटेकवाल्याला निदान तो हात असतो. पदवी बंद करा म्हणणं सोपं आहे.

घाटमाथा७

निर्जंतुक काम महिन्यात शिकवता येतं. उष्मागतिकी महिन्यात शिकवून दाखवा.

बॅचनंबर

उष्मागतिकी आल्याशिवाय लस बाहेर पडते. निर्जंतुक हात नसला तर सगळी बॅच फेकावी लागते. असो.

निकिता_प्रथमवर्ष

मी याच वर्षी प्रवेश घेतलाय, लातूरकडची. तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय ती खट्टू मुलगी मीच. नीटमध्ये थोडक्यात गेलं.

एक सांगू का? बफर कंटाळवाणा नाही वाटत. भीती लॉगची वाटते. आम्हाला सरांनी हेंडरसन-हॅसलबाख (पीएच आणि पीकेए जोडणारं सूत्र) फळ्यावर लिहिलं आणि ‘लॉग तुम्हाला येतच असेल’ म्हणून पुढे गेले. अकरावीत केमिस्ट्रीला लॉगटेबल बघून उत्तर काढायचो, पण लॉग म्हणजे नक्की काय ते तेव्हाही कळलं नव्हतं. कांदा पहिल्या दिवशी केला असता तर मजा आली असती, पण तिसऱ्या आठवड्यात लॉगपाशी तशीच अडले असते ना?

तिसरा_बाक

निकिता, लॉग म्हणजे ‘दहाचा कितवा घात’, एवढंच. १०० चा २, १००० चा ३. पीएच एकने बदलला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट बदलले, हे एक वाक्य डोक्यात ठेव. आता रक्त घे. पीएच ७.४, कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.१. फरक १.३. दहाचा १.३ वा घात म्हणजे जवळपास २०. म्हणून रक्तात बायकार्बोनेट २० भाग आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १ भाग. श्वास कोंडून धरला की तो एक भाग वाढतो, गुणोत्तर पडतं, पीएच उतरतो. सूत्र न बघता हे एकदा स्वतः मांडून बघ.

विभागाच्या बैठकीत मी आता असं मांडणार आहे: सत्र जीवरसायनाचंच, पण पहिले दोन आठवडे लॉग आणि तीव्रतेची गणितं, आणि दर बफर मुलांनी स्वतः बनवून दोन तापमानांना मोजायचा. ईडीटीएची पावडर न सांगता हातात द्यायची. बॅचनंबर, तुमच्या वहीच्या नियमांची यादी इथे टाकाल का?

ऊतीसंवर्धिका

आणि कांदा?

तिसरा_बाक

सातव्या आठवड्यात. न्यूक्लिक ॲसिड आल्यावर.

ऊतीसंवर्धिका

मग मतभेद कायम. सातव्या आठवड्यात तुमच्या वर्गात किती डोकी उरलीत ते इथेच येऊन सांगा, मी धागा वर काढीन.

बॅचनंबर

वहीचे नियम: पेनानेच लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. आकडा मीटरवर दिसला की त्याच क्षणी नोंदवायचा, हातावर किंवा टिश्यू पेपरवर नाही. मोकळी जागा सोडायची नाही, सोडलीच तर तिरकी रेघ मारायची. बाटलीवर नाव, तीव्रता, पीएच, कोणत्या तापमानाला मोजला, बनवल्याची तारीख आणि कुणी बनवलं. ‘कोणत्या तापमानाला’ हे बाक सरांच्या ट्रिसमुळे आजच वाढवलं.