मदत हवी आहे : जिनमध्ये काकडी आणि तिरफळ किती वेळ ठेवावे?

१९९९ मध्ये बाजारात आलेल्या हेंड्रिक्स या स्कॉटिश जिनमध्ये काकडीचा आणि गुलाबाचा अर्क ऊर्ध्वपातनानंतर मिसळतात, हे वाचल्यापासून मीही घरी साध्या जिनमध्ये काकडी आणि आपले कोकणी तिरफळ भिजवून पाहत आहे. पहिल्या खेपेस ७५० मिलि जिनमध्ये अर्धी काकडी आणि बिया काढून टाकलेली ५ तिरफळे ४ दिवस ठेवली. तिरफळाचा लिंबाच्या सालीसारखा वास सुरेख उतरला (बांगड्याच्या आमटीची आठवण झाली, हेही खरे), परंतु काकडी मात्र कडवट आणि शिळी लागू लागली. जुनिपरचा (जिनला तिची ओळखीची चव देणाऱ्या फळांचा) मूळ स्वाद न दडपता काकडीचा ताजेपणा टिकवायचा असेल, तर ती काही तासांतच गाळून काढावी, की तिरफळ आधी एकटेच भिजवावे? अनुभवी सभासदांनी कृपया प्रमाणासह सांगावे.