गच्चीवरच्या मैफलीसाठी मदत हवी आहे (बडोदा)

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, गच्ची ऐसपैस. मे महिन्यात दर शनिवारी साडेसात ते साडेनऊ गावातल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना बसवायचं मनात आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून लवकर. १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा काढली त्या गावात कलाकार शोधत फिरतोय, गंमतच! संगीत महाविद्यालयातली मुलं येतील का? मानधन किती द्यावं? गेल्या वर्षी नुसत्या चहा-बटाटेवड्यावर बोलावलं, त्याची अजून लाज वाटते. शिवाय फरशी आठ वाजताही तापलेली असते. त्या उष्णतेनं तबल्याचा सूर सारखा चढतो, जुळवायची हातोडी खाली ठेवता येत नाही. पाणी मारून वर सतरंजी घातली तर दमटपणानं सूर उतरेल का? वाजवणाऱ्यांनी सांगा.