डोंगरात हरवलेल्याला शोधताना : स्कॉटलंडमधले तुमचे अनुभव

रानवारा

नमस्कार मंडळी. पर्थशायरमधल्या एका लहान खेड्यात मी नऊ वर्षं राहते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात आमच्या खोऱ्यात एक गृहस्थ हरवले. साठीचे, एकटेच चालायला आलेले. पायथ्याशी गाड्या लावायची खडीची जागा आहे, तिथे त्यांची गाडी दोन रात्री जागची हललेली नाही हे एका मेंढपाळाच्या लक्षात आलं आणि त्यानं पोलिसांना फोन केला.

गावातले आम्ही वीसेक जण बूट चढवून हॉलवर पोचलो. पहिल्या संध्याकाळी आम्हाला वर जाऊच दिलं नाही. नावं आणि फोन नंबर लिहून घेतले, आणि सांगितलं की घरी जा, आपापले गोठे, शेड, गवताची कोठारं तपासा, दाराच्या कॅमेऱ्यात कोणी दिसतंय का पाहा. मला फार राग आला. अंधार पडत होता, पाऊस लागला होता, वर एक माणूस होता आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यात बॅटरी मारत होते.

दुसऱ्या दिवशी आम्हाला नदीकाठचा पट्टा मिळाला. बचाव पथकातल्या एका बाईंच्या हाताखाली आम्ही आठ जण, दहा-दहा पावलांवर, एका रांगेत. तिथे सगळीकडे ब्रॅकन, म्हणजे कमरेएवढं नेचं. ऑक्टोबरात ते वाळून तांबूस होतं आणि आडवं पडतं. त्याखाली कोणी निजलेलं असेल तर चार पावलांवरूनही दिसायचं नाही. काठीनं नेचं बाजूला सारायचं, दगड ओलांडला की मागे वळून पाहायचं, कारण पुढून जे लपतं ते मागून दिसतं. मध्येच बाई हात वर करायच्या. सगळे थांबायचे, एकदम शिट्ट्या, एकदम हाक, आणि मग कोणी हलायचं नाही. त्या शांततेत ओढ्याचं पाणीसुद्धा कोणीतरी कण्हल्यासारखं वाटायचं.

सहा तासांत एक हातमोजा सापडला, तोही त्यांचा नव्हता. संध्याकाळी नकाशावर आमचा पट्टा रंगवून टाकला. पाचव्या दिवशी ते डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सापडले. जिवंत नव्हते.

त्या सहा तासांचं काय करावं ते मला अजून कळत नाही. तुमच्यापैकी कोणी असा शोध घेतलाय का? किंवा तुम्हालाच कोणी शोधलंय का? थोडक्यात का होईना, लिहा.

कातळकडा

ताई, मी मूळचा नाशिकचा, हायलँड्समधल्या एका बचाव पथकात सहा वर्षं आहे. इथे जमिनीवरच्या शोधाची जबाबदारी पोलिसांची, पण रात्री डोंगरावर जाणारे आम्ही बहुतेक स्वयंसेवक. सुतार, शिक्षक, परिचारिका, माझ्यासारखे संगणकवाले. पगार कोणालाच नाही, आणि ज्याला सोडवून आणतो त्याला बिलही नाही.

सहा तासांबद्दल सांगतो. कोणी हरवल्याचं कळलं की आधी नकाशावर ठरवतात की तो शेवटचा नक्की कुठे होता. मग तो किती लांब गेला असेल याचा हिशेब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली दिलेला ठोकताळा आम्ही अजून वापरतो : सपाटीला तासाला तीन मैल, आणि दर २,००० फूट चढाईला एक तास जादा. पहिल्या काही तासांत दोन-दोन, तीन-तीन जणांचे गट पायवाटा, ओढ्यांचे उतार आणि बॉथी बघून येतात. बॉथी म्हणजे डोंगरातली उघडी ठेवलेली साधी झोपडी. तेवढ्यात सापडला तर उत्तम. नाही सापडला तर मुलूख तुकड्यांत वाटायचा आणि प्रत्येक तुकड्यात तो असण्याची शक्यता किती, ते मांडायचं. तुमचा नदीकाठ नीट बघून रिकामा निघाला, त्या क्षणी बाकीच्या तुकड्यांची शक्यता वाढली. ड्रोन, कुत्री, माणसं पलीकडच्या उताराकडे वळवायचं धाडस त्यामुळेच होतं. धारेवर धुक्यात दिशा थोडी चुकली तरी माणूस भलत्याच खोऱ्यात उतरतो, त्यामुळे पलीकडचा उतार कायम मनात असतो. पण अलीकडचा नीट बघून झालेला असल्याशिवाय सगळी माणसं तिकडे पाठवता येत नाहीत. घाईघाईनं बघितलेला पट्टा सगळ्यात घातक, कारण तो रंगवला गेला की तिथे कोणी परत जात नाही.

आणि ती शांतता. एका फेब्रुवारीत पहाटे अडीचला आम्ही अशीच एक बाई शोधत होतो. शिट्ट्या झाल्या, थांबलो. वारा होता. माझ्या शेजारचा म्हणाला, टकटक ऐकू येतंय. मला काहीच येत नव्हतं. पुन्हा थांबलो. मेंढ्यांच्या जुन्या दगडी कोंडवाड्याच्या आडोशाला ती बसली होती. आमच्या शिट्ट्या तिनं ऐकल्या होत्या, पण तोंडातून आवाज फुटत नव्हता. हातातली चालायची काठी ती दगडावर आपटत होती. आम्ही चालतच राहिलो असतो तर आमच्याच बुटांच्या आवाजात ते बुडालं असतं.

सांजवेळ

मी ॲबर्डीनला असते. पहिल्या संध्याकाळी वर का सोडलं नाही, ते मला सांगता येईल असं वाटतं.

मी शोधकुत्र्यांसाठी 'बॉडी' होते. शब्द ऐकून माझी आई दचकली होती. काम एवढंच की हरवलेल्या माणसासारखं माळावर जाऊन पडायचं. रविवारी सकाळी मला नकाशावर एक खूण देतात. मी झोपायची पिशवी, गरम पाण्याचा थर्मास आणि गुळपोळी घेऊन तिथे जाते आणि हेदरच्या झुडपांत लपते. कधी एक तास, कधी तीन. पाठीखाली पीट, म्हणजे दलदलीतली ओली काळी माती, तोंडावर पाऊस, उन्हाळ्यात मिजेस नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे. घरी आल्यावर अंगावर गोचीड चिकटलेली नाही ना, हे न चुकता बघायचं.

मग कधीतरी घंटेचा बारीक आवाज येतो. कुत्र्याच्या जाकिटाला ती बांधलेली असते. ते येतं, माझा चेहरा हुंगतं आणि उलट पावली धावत सुटतं, आपल्या माणसाकडे. तिथे भुंकतं, त्याला घेऊन परत येतं. मग मी बक्षीस म्हणून त्याचा आवडता चेंडू काढायचा आणि दहा मिनिटं त्याच्याशी जीव तोडून खेळायचं. कुत्र्याच्या लेखी सगळा शोध त्या चेंडूसाठी असतो.

ही परंपरा इथे १९६५ सालापासून आहे. ग्लेनको खोऱ्यातले हॅमिश मॅकइनिस यांनी स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनातल्या माणसांना शोधणाऱ्या कुत्र्यांचं प्रशिक्षण पाहिलं आणि इकडे संघटना उभी केली. घडी घालून पाठीवर नेता येणारं बचाव स्ट्रेचरही त्यांचंच.

आता मुद्दा. यातली बरीच कुत्री एखाद्या कपड्याचा वास घेऊन माग काढत नाहीत. वाऱ्यावर येणारा माणसाचा वास शोधतात, कोणत्याही माणसाचा. रानवाराताई, त्या संध्याकाळी तुम्ही वीस जण डोंगरावर विखुरला असतात, तर कुत्र्यांना वीस माणसं सापडली असती. आणि रात्री, सगळं निपचित असताना, कुत्रं फार मोठा मुलूख बघून होतं. पोलिसांनी हे तुम्हाला दोन वाक्यांत समजावून सांगायला हवं होतं, असं मात्र मला मनापासून वाटतं.

नाव नको

मी शोधणाऱ्यांपैकी नाही. मला शोधलं होतं.

तेव्हा एडिनबरोत एमएससी करत होते. मार्च महिना. सह्याद्रीत चाळीसेक ट्रेक झालेले, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. केअर्नगॉर्म हा डोंगर १,२४५ मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही बुटका, असंही मी मैत्रिणीला सांगितलं होतं. ती पायथ्याला थांबली, मी पुढे गेले. वर पठार आहे, सपाट आणि अफाट. ढग खाली आला. जमीन पांढरी, हवा पांढरी, पुढचं पाऊल चढावर पडतंय की उतारावर, तेही कळेना. आपल्याकडे धुक्यात निदान कडा काळा दिसतो. तिथे कड्याच्या टोकावर वाऱ्यानं बर्फाचा सज्जा केलेला असतो, आणि आपण जमिनीवर उभे आहोत की त्या सज्ज्यावर, हे समजायला मार्ग नसतो.

मी एका खडकामागे बसले आणि फिरायचं थांबवलं. हे एकच मी बरोबर केलं. फोनला रेंजची एक काडी. बोलणं तुटत होतं, पण ९९९ या आणीबाणीच्या नंबरला मेसेज गेला, कारण ती सोय मी आधी नोंदवून ठेवली होती. इथे राहणाऱ्यांनी हे वाचता वाचताच 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९ वर पाठवून उत्तरात येईल तसं करा, दोन मिनिटांचं काम आहे. पोलिसांकडून बचाव पथकाकडे निरोप गेला, त्यांनी एक लिंक पाठवली, ती दाबल्यावर मी कुठे आहे ते त्यांना दिसलं. मग बॅटरी संपली.

हेलिकॉप्टरचा आवाज दोनदा आला आणि गेला. ढगात त्यांना उतरता येत नव्हतं. मी मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, असं करत राहिले. किती वेळ ते आठवत नाही. उत्तराला तीन शिट्ट्या आल्या तेव्हा मला तो प्रतिध्वनी वाटला. नऊ माणसं चालत आली होती. मी सारखी सॉरी म्हणत होते. त्यांच्यातल्या एका आजोबांच्या वयाच्या माणसानं माझ्या हातांत आपले कोरडे मोजे चढवले आणि विचारलं, चहात साखर किती.

याच पठारावर नोव्हेंबर १९७१ मध्ये वादळात सहा जण गेले, त्यातली पाच शाळकरी मुलं होती, हे मला नंतर कळलं. त्या रात्री काही वाचता आलं नाही हेच बरं झालं.

साताऱ्याला आईला मी हे दोन वर्षांनी सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून त्या नऊ जणांची नावं विचारली. मला एकच माहीत होतं.

जोंधळा

मी कधी वर गेले नाही, गुडघे साथ देत नाहीत. आमच्या गावात शोध लागला की हॉलमधली चूल माझ्याकडे असते. मसुराचं सूप इथे घरोघरी करतात. मी त्यावर लसूण-जिऱ्याची फोडणी घालते, तेवढाच फरक. रात्री तीनला उतरणारी माणसं दारातच बूट काढतात आणि बोलत नाहीत. सापडलं की नाही, ते त्यांच्या खांद्यांवरून कळतं. मी विचारत नाही. वाडगा भरून हातात देते. क्वाड बाइकवरून सामान पोचवणारा शेतकरी आणि हरणांच्या रानातला राखणदार या दोघांना प्रत्येक ओढा नावानिशी माहीत असतो. पथकाचा प्रमुखसुद्धा नकाशा उलगडून आधी त्यांच्याशेजारी बसतो.

शेवंती

डॉक्टर आहे, म्हणून एवढंच. गारठलेला माणूस सापडला तर हातपाय चोळू नका, दारू पाजू नका, उभं करून चालवू नका. ओले कपडे, वारा आणि खालची थंड जमीन यांपासून सोडवा आणि आडवंच ठेवून हळुवार हलवा. थरथर थांबली म्हणजे बरं वाटतंय असं समजू नका, बहुधा उलट असतं. आणि हे लिहायला जड जातंय, पण अगदी शेवटच्या टप्प्यात काही जण अंगावरचे कपडे काढून टाकतात. मेंदूला खोटी उष्णता जाणवते. नातेवाइकांना याचं कारण कोणीतरी शांतपणे सांगायला हवं. माझ्या समोर एका बहिणीनं तीन आठवडे मनात ठेवलेला प्रश्न विचारला होता.

रानवारा

सगळ्यांचं वाचलं. सांजवेळ, कुत्र्यांचं खरंच माहीत नव्हतं. राग गेला. कातळकडा, तुमचं मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

एक गोष्ट मी पहिल्यांदा लिहिली नव्हती. यंदा मे महिन्यात त्यांच्या पत्नी गावात आल्या. ज्यांनी शोध घेतला त्या सगळ्यांना त्यांना भेटायचं होतं. हॉलमध्ये चहा झाला. मला वाटलं, ते जिथे सापडले तिकडे त्या जातील. तिथे त्या आधीच जाऊन आल्या होत्या. मला त्यांनी विचारलं, "तुमचा भाग कोणता होता?"

मी त्यांना नदीकाठी नेलं. नेचं नुकतं कोवळं वर येत होतं, मुठी मिटलेल्या असाव्यात तसं. लाकडी फाटकापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंत, मी म्हटलं. त्यांनी फाटक उघडलं आणि तेवढा सगळा पट्टा त्या सावकाश चालल्या, प्रत्येक मोठ्या दगडाच्या मागे वळून बघत. मी दहा पावलांवरून त्यांच्या बरोबरीनं चालत होते.